जुन्या ९११ ला रुंद टायर: एका बदलाचा इतिहास

समजा १९६५ सालची एक पोर्श ९११ तुमच्यासमोर उभी आहे. टायर बदलायला झाले आहेत. मालक म्हणतो, "नवे घालायचेच आहेत, तर रुंद घालू. पकड वाढेल." तुम्ही काय सल्ला द्याल? त्याआधी कारखान्याने हाच प्रश्न कसा सोडवला, ते पाहू.

ही गाडी १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने प्रथम दिसली. सुरुवातीच्या ९११ ला साडेचार इंच रुंद रिम आणि १६५-१५ मापाचे टायर होते. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिमी आणि रिमचा व्यास १५ इंच. इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते. त्यामुळे वेगात वळताना गाडीची मागची बाजू बाहेर घसरण्याचा धोका असे.

उपाय टप्प्याटप्प्याने झाले. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ओतीव लोखंडाची वजने बसवली. १९६९ च्या मॉडेलमध्ये मागची चाके मागे सरकवून व्हीलबेस २२११ वरून २२६८ मिमी केला. त्याच मॉडेलच्या ९११ एस ला ६ इंची रिमवर १८५/७० टायर मिळाले आणि मडगार्ड किंचित फुगवले गेले. १९७३ च्या करेरा आरएस २.७ मध्ये पुढे १८५/७० कायम राहिले, पण मागे ७ इंची रिमवर २१५/६० टायर आले. त्यांच्यासाठी मागचे मडगार्ड आणखी रुंद केले.

आता थोडी आकडेमोड करू. '७०' म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के. जुन्या टायरवर हा आकडा नसे; तो सुमारे ८० धरू. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी.

१६५: ३८१ + (२ × १३२) = ६४५ मिमी
१८५/७०: ३८१ + (२ × १२९.५) = ६४० मिमी
२१५/६०: ३८१ + (२ × १२९) = ६३९ मिमी

रुंदी ५० मिमीने वाढली, पण व्यासात फक्त ६ मिमीचा फरक पडला. याउलट मालकाने २०५/५० निवडला, तर व्यास ५८६ मिमी होतो, म्हणजे ९ टक्के कमी. मग मूळ स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग सुमारे ९१ असेल.

रुंद टायरचे जास्त रबर जमिनीला टेकते, हा समजही तपासून घ्या. टेकलेले क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब इतके असते. चाकावर ३०० किलो भार आणि २ बार दाब असेल, तर ते सुमारे १४७ चौरस सेंमी येते. रुंदीने मुख्यतः त्याचा आकार बदलतो: लांबी घटते, रुंदी वाढते. कोरड्या वळणावर याचा फायदा होतो. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगतो.

म्हणून सल्ला असा: रिम मूळ साडेचार इंची असतील, तर १६५ च ठेवा. अरुंद रिमवर रुंद टायर फुगतो आणि वळणावर डोलतो. रुंदी हवीच असेल, तर आधी रिम बदला, स्टीअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते पाहा, भार व वेगाची क्षमता तपासा. फक्त पुढचे टायर कधीही रुंद करू नका. मागचे आधी सुटतील. कारखान्याने टायरसोबत रिम, मडगार्ड आणि गाडीचा तोल यांचाही विचार केला. तुम्हीही तसाच करा.

स्वाध्याय: २०५/५५ टायर १६ इंची रिमवर घातल्यास व्यास किती होईल? मूळ टायरच्या तुलनेत स्पीडोमीटरमध्ये किती टक्के फरक पडेल?