बिऱ्हाड निघाले सातासमुद्रापार
वर्धा, प्रतिनिधी

सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणारे डॉक्टर, पुण्या-बंगळुरूमार्गे अमेरिका वा जर्मनी गाठणारे अभियंते आणि त्यांच्यामागोमाग जाणारी कुटुंबे यांमुळे वर्ध्यातून परदेशी बिऱ्हाड हलविणे आता नवलाचे राहिलेले नाही. व्हिसा, नोकरी, विमानाची तिकिटे यांची तजवीज चोख होते. घरातील सामानाचा विचार मात्र अखेरच्या पंधरवड्यावर ढकलला जातो आणि घाईत घेतलेला तो निर्णय महागात पडतो.

वर्धेकरांना जवळचा वाटावा असा एक दाखला येथे आठवतो. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने निघालेले गांधीजी सोबतच्या मंडळींनी जमविलेला पेट्यांचा पसारा पाहून नाराज झाले आणि त्यातील बरेच सामान एडनहून माघारी धाडण्यात आले. आजच्या प्रवाशाला एडनची सोय नाही. निवड घरीच करावी लागते.

सामान नेण्याचे मार्ग दोन. समुद्रमार्गे आकार पाहिला जातो, वजन नव्हे. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. एवढे सामान नसेल तर इतरांच्या सामानाबरोबर कंटेनर वाटून घेता येतो, परंतु तो भरेपर्यंत थांबावे लागते. विमानमार्गे वजन आणि आकारमान यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकारणी होते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागायचे, हा हवाई मालवाहतुकीचा नेहमीचा हिशेब. ६० बाय ४५ बाय ४५ च्या खोक्यात पाच किलोच्या उश्या भरल्या तरी भाडे वीस किलोंचे पडते. वर्ध्याच्या कापसाची गादी कितीही मायेची असली, तरी तिला या हिशेबात स्थान नाही.

वर्ध्याहून निघालेले सामान बहुधा न्हावा-शेवा बंदरातूनच बाहेर पडते. नागपूरच्या कंटेनर डेपोतून रेल्वेने किंवा थेट ट्रकने ते तेथे पोहोचते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाल्याने रस्त्याचा प्रवास सुकर झाला आहे. समुद्रातील वेळेचा भरवसा मात्र कमी. तांबड्या समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालण्याचा मार्ग पत्करला आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. पहिल्या महिन्यात लागणारे कपडे, औषधे आणि मूळ कागदपत्रे जहाजावर कधीही टाकू नयेत.

दर विचारताना तो दारापासून दारापर्यंतचा आहे की केवळ बंदरापर्यंतचा, हे लेखी घ्यावे. स्वस्त वाटणाऱ्या दरात पलीकडच्या बंदराचे शुल्क, सीमाशुल्काची कामे आणि घरपोच वाहतूक धरलेली नसते. सामान अडकून पडल्यावर ते मुकाट भरावे लागते. पत्ता आणि जीएसटी क्रमांक तपासल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. स्थलांतर व्यवसायातील 'फिडी' या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व कंपनीकडे असल्यास उत्तम.

विम्याचा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझ कालव्यात अडकले, तेव्हा सागरी वाहतुकीच्या जुन्या रिवाजानुसार जहाज सोडविण्याच्या खर्चाचा वाटा त्यावरील मालधन्यांच्याही माथी आला. आपले ताट-वाट्या सुखरूप असल्या तरी ही वर्गणी चुकत नाही. विमा असल्यास ती विमा कंपनी भरते. स्वतः बांधलेल्या खोक्यातील मोडतोडीची भरपाई सहसा मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

देशोदेशीचे नियम निराळे आहेत. अमेरिकेत किमान वर्षभर वापरलेल्या गृहोपयोगी वस्तूंना शुल्क लागत नाही; ब्रिटन आणि युरोपीय संघात साधारणपणे सहा महिन्यांच्या वापराची अट आहे. म्हणजे जाण्यापूर्वी हौसेने केलेली नवी खरेदी उलट अडचणीची ठरते. कॅनडात मागाहून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच प्रवेशाच्या वेळी द्यावी लागते. खोक्यांच्या लाकडी चौकटी ५६ अंशांवर तीस मिनिटे तापवून किंवा धुरी देऊन शिक्का मारलेल्या हव्यात. ऑस्ट्रेलियात तर सायकलच्या चाकाची माती आणि पोळपाटाचे लाकूडही तपासले जाते. वायगावची हळद २०१६ साली भौगोलिक मानांकनाची मानकरी ठरली, पण तिची पुडी भांड्यांच्या खोक्यात लपवू नये. एका पुडीपायी सारे खोके उघडले जाऊ शकते. आपला २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालत नाही. शेवेचा सोऱ्या मात्र खुशाल न्यावा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते जुन्या वस्तूंकडे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी आणि कागदपत्रांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांचीच आहे. वर्ध्यात याला विशेष अर्थ आहे. ज्या घरी १९४० च्या सुमारास गांधीजींचे वा विनोबांचे पोस्टकार्ड आले, ते घर त्याला कौटुंबिक ठेवा मानते. कायद्याच्या लेखी ती पुरावस्तू ठरू शकते. पणजोबांचे देव आणि हस्तलिखित पोथ्या यांनाही तेच लागू. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे. वस्तू जुनी दिसते पण तशी नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून 'पुरावस्तू नसल्याचा' दाखला घ्यावा. पत्राची स्कॅन केलेली प्रत सोबत न्यावी. मूळ पत्र जतनाची सोय असलेल्या संस्थेकडे सोपविणे प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते अधिक शहाणपणाचे.

मागे राहणाऱ्या सामानासाठी मोठ्या शहरांत मासिक भाड्याची गोदामे आहेत. आपल्याकडे बहुधा घरातीलच एक खोली कुलूपबंद होते. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. स्लॅबखालच्या बंद खोलीत छायाचित्रे चिकटतात, प्लॅस्टिक तडकते. पाठोपाठ पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी येते. म्हणून खालच्या मजल्यावरील खोली निवडावी, कपाटे भिंतीपासून वीतभर दूर व विटांवर ठेवावीत, फ्रिजचे दार किंचित उघडे राहू द्यावे. इन्व्हर्टरची बॅटरी विकून टाकावी आणि गॅसजोडणी एजन्सीकडे जमा करून अनामत परत घ्यावी.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले रिझर्व्ह बँकेचे नियम पाहावेत. आग, चोरी, इमारत कोसळणे वा कर्मचाऱ्याचा अपहार यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच आहे. नैसर्गिक आपत्तीत सहसा तीही नाही. सात वर्षे लॉकर उघडला नाही आणि धारकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर भाडे भरलेले असूनही बँक तो उघडू शकते. मायदेशी येण्याच्या प्रत्येक खेपेला लॉकर उघडून यावा आणि वारसाची नोंद करावी.

बंद खोलीची किल्ली सहसा सत्तरीतल्या आई-वडिलांच्या हाती पडते. मुलाच्या खोलीला वारा देणे, वाळवीचे औषध मारून घेणे, हे सारे न बोलता त्यांच्यावर येते. निदान सामानाची लेखी यादी, एखाद्या तरुण नातेवाइकाच्या नावे अधिकारपत्र आणि किती वर्षांनंतर कोणती वस्तू विनाविचारता देऊन टाकावी, एवढे तरी निघण्यापूर्वी त्यांच्याशी बसून ठरवावे.