नकाशावरचा झरा



कोळशाची खाण म्हटलं की आपल्याला आठवतो काळोखा बोगदा, डोक्यावर दिवा लावलेले कामगार, फार तर 'काला पत्थर'. पण खाणीचं बरंचसं इंजिनिअरिंग जमिनीच्या वर चालतं. कोळशाबरोबर निघालेली दगडमाती टाकायची कुठे? ती तिथपर्यंत न्यायची कोणत्या रस्त्याने? पाणी कुठून काढून द्यायचं? आणि खाण संपल्यावर त्या जमिनीचं करायचं काय? प्रश्न अगदी कंटाळवाणे. कोळशाचं उत्पादन किती झालं हे सगळे विचारतात, ढिगाऱ्याखालच्या नाल्याबद्दल कोणी विचारत नाही. यातल्या एकाच प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याची गोष्ट म्हणजे वेल्समधलं ॲबरफॅन.

ॲबरफॅन हे टॅफ नदीच्या खोऱ्यातलं खाणकामगारांचं गाव. खाण दरीत, आणि तिचा कचरा डोंगरावर. ट्रामने वर ओढून न्यायचा आणि तिथे ओतायचा. एक ढीग मोठा झाला की शेजारी दुसरा. असे एकूण सात ढीग झाले. सातवा सुरू झाला १९५८ साली.

आता या सातव्या ढिगाची जागा कशी ठरली ते बघा. खाणीचे अधिकारी डोंगरावर गेले, जागा पाहिली, ठरवून टाकली. मातीची तपासणी नाही, पाण्याचा अभ्यास नाही. ढिगांचं काम मेकॅनिकल इंजिनिअरांकडे होतं, कारण ट्राम आणि क्रेन त्यांच्या. ढीग म्हणजे मातीचं बांधकाम आहे, त्याला सिव्हिलवाला लागतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं. आणि ज्या जागेवर तो उभा राहिला तिथे झरे होते. गुप्त वगैरे अजिबात नाही. सरकारी सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशांवर तो ओढा छापलेला होता, गावातली माणसंही त्याला ओळखत होती. नकाशा उघडून बघायचं काम तेवढं कोणी केलं नाही.

तांत्रिक बाजू सोपी आहे. खालचा वालुकाश्म सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपत येतं. वर ढीग घातला की पाण्याची वाट अडते आणि ते ढिगाच्या पायथ्यात मुरतं. त्यात कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक ओला गाळही इथेच टाकत होते. दगडमातीच्या कणांमधला दाब पाण्याने पेलायला सुरुवात केली की कधीतरी एका क्षणी तो ढीग घन राहत नाही, दाट द्रवासारखा वाहू लागतो.

इशारे मिळाले नव्हते का? भरपूर. १९३९ मध्ये याच खोऱ्यात जरा खाली सिल्फिनिड इथे एक ढीग घसरून मुख्य रस्त्यावर आला होता. त्यानंतर तेव्हाच्या खाण कंपनीने ढिगांखालचं पाणी कसं काढावं यावर एक टिपण तयार केलं. ॲबरफॅनचाच चौथा ढीग १९४४ मध्ये घसरला. सातवा स्वतः १९६३ मध्ये सरकला. त्याच वर्षी स्थानिक नगरपालिकेच्या इंजिनिअरने शाळेमागच्या या ढिगाच्या धोक्याबद्दल पत्र लिहिलं. १९६५ मध्ये दुसऱ्या एका खाणीवर ढीग घसरल्यावर ते १९३९ चं टिपण पुन्हा सगळीकडे फिरवलं गेलं, आणि तपासणी नावापुरती उरकली गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर तिकीट उघडं होतं, सगळ्यांना सीसी होतं, फक्त 'असाइन्ड टू'चा रकाना रिकामा होता.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर १९६६. दुसऱ्या दिवसापासून शाळेला सुट्टी लागणार होती. सकाळी कामावर गेलेल्या माणसांना ढिगाचा माथा खचलेला दिसला. सव्वानऊच्या सुमारास ढीग सुटला आणि थेट पँटग्लास शाळेवर येऊन आदळला. १४४ माणसं गेली. त्यात ११६ मुलं, बहुतेक सात ते दहा वर्षांची.

सरकारी मालकीच्या नॅशनल कोल बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स त्या संध्याकाळी आधी एका विद्यापीठाच्या कुलपतिपदाच्या समारंभाला गेले. पुढे त्यांनी सांगितलं, की ढिगाखालचे झरे माहीत होणं शक्यच नव्हतं. चौकशी आयोगाने ७६ दिवस साक्षी घेतल्या आणि १९६७ मध्ये दोष सरळ कोल बोर्डावर ठेवला. दुष्टपणा नव्हे, अज्ञान, अकार्यक्षमता आणि एकमेकांशी न बोलणं, असं निदान होतं. खटला कोणावरही झाला नाही. कोणाची नोकरीही गेली नाही. रॉबेन्स यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही.

आणि आता सगळ्यात चीड आणणारा भाग. गावाच्या डोक्यावर बाकीचे ढीग तसेच होते. ते हटवा म्हणून मुलं गमावलेल्या आईबापांना आंदोलन करावं लागलं. शेवटी सरकार तयार झालं, पण खर्चातले दीड लाख पौंड लोकांनी देणगी देऊन उभारलेल्या मदतनिधीतून काढून घेतले! ज्यांच्या अंगावर कचरा आला त्यांनीच तो उचलायचे पैसे द्यायचे. ते १९९७ मध्ये परत मिळाले, तेही बिनव्याजी. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी रक्कम देऊन ती बाकी थोडीफार भरून काढली.

१९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ढिगांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा झाला. तरी विषय संपला नाही. वेल्समध्ये आजही अडीच हजारांहून जास्त जुने ढीग आहेत आणि फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाऊनचा एक ढीग घसरला. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

आपल्याकडे चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या बाजूला गेलात तर खाणींच्या 'ओबी'चे डोंगर दिसतात. कुठे कुठे त्यांच्यावर झाडं लावलेली असतात. दिसायला बरं वाटतं. पण जमीन परत उभी करणं म्हणजे वरून झाडं लावणं नव्हे. ते काम पहिली गाडी रिकामी होण्याआधी सुरू होतं: खालचा ओढा कुठून जातो, चर कुठून काढायचा, उतार किती ठेवायचा, आणि हे बघायची जबाबदारी नावानिशी कोणाची.

असो. ॲबरफॅनमध्ये माहितीची कमतरता कधीच नव्हती. झरा नकाशावर होता. तो कोणी बघायचा, एवढंच ठरलेलं नव्हतं.