करवतीचा भुसा आणि कामगाराचा श्वास : धूलिशोषणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१. विषयप्रवेश

यंत्रांचा इतिहास लिहिताना उत्पादनाचा वेग, मालाची सफाई आणि श्रमाची बचत यांची नोंद आपण साक्षेपाने करतो. यंत्राने मागे टाकलेल्या कचऱ्याकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. लाकूड कापण्याच्या यंत्राचा कचरा म्हणजे भुसा. तो निरुपद्रवी मानण्याची प्रथा जुनी असून सुतारकामाचा तो अटळ सोबतीच होय, असे सामान्यतः समजले जाते. या समजुतीला धक्का बसण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती पकडली पाहिजे, हे तत्त्व तंत्रज्ञांना आणि कायदा करणाऱ्यांना बरेच आधी उमगले होते. मग करवतीच्या बाबतीत ते इतक्या उशिरा आणि इतक्या अपुऱ्या प्रमाणात का अमलात आले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. याची कारणे दोन दिसतात. एक, करवतीचे रूप जसजसे बदलले तसतसे धुळीचे उगमस्थानही बदलत गेले. दुसरे, तुटलेले बोट तत्काळ दिसते. श्वासावाटे झालेली इजा दिसावयास कित्येकदा चाळीस वर्षे लागतात.

२. खड्ड्यातील करवतीपासून वर्तुळाकार करवतीपर्यंत

यंत्रपूर्व काळात इंग्लंडमध्ये मोठे ओंडके खड्ड्यावर आडवे ठेवून दोन माणसे उभ्या करवतीने ते चिरीत. एक वर उभा राही, दुसरा खड्ड्यात. खालच्या माणसाच्या डोक्यावर व डोळ्यांत भुसा पडे; परंतु लाकूड बहुधा ओले, करवतीचे दात मोठे आणि गती मंद असल्यामुळे तो भुसा जाडाभरडा असे व लगेच खाली बसे.

सॅम्युएल मिलर या साउदॅम्प्टनच्या गृहस्थांनी १७७७ साली घेतलेल्या एकस्वात वर्तुळाकार करवतीचा उल्लेख येतो. पुढे सॅम्युएल बेंथॅम यांनी १७९१ व १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची एकस्वे मिळविली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत जहाजांच्या कप्प्या बनविण्याचा कारखाना उभा राहिला. त्यातील यंत्रांची रचना मार्क ब्रुनेल यांची आणि बांधणी हेन्री मॉडस्ले यांची होती. यंत्रांच्या साह्याने एकाच नमुन्याचा माल मोठ्या संख्येने काढण्याचा हा आरंभीचा प्रयोग म्हणून त्याची ख्याती आहे. भुशाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. उघड्यावर चालणारे काम छपराखाली आले, करवतीची गती अनेक पटींनी वाढली, आणि भुसा बारीक होऊन हवेत तरंगू लागला.

३. पंखा : कोणासाठी आणि कशासाठी ?

धूळ पंख्याने ओढून घेण्याची कल्पना प्रथम लाकडाच्या संदर्भात पुढे आली नाही. शेफील्ड येथे चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या कामगारांचा फुप्फुसरोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुप्रसिद्ध होता. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली त्याविषयी लिहिले. धार लावण्याच्या चाकाशेजारी नळ बसवून पंख्याने धूळ बाहेर काढण्याची युक्ती तेथे माहीत होती. तथापि १८४५ साली एंगल्स यांनी इंग्लंडमधील कामगारांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक विलक्षण गोष्ट नमूद केली आहे. धंदा सुरक्षित झाला तर अधिक माणसे त्यात शिरतील आणि मजुरी उतरेल, या भीतीने काही कामगारांनीच असल्या साधनांना विरोध केला होता. आरोग्याचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

१८७८ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने, चाकावर घासण्याच्या अथवा धूळ उत्पन्न करणाऱ्या अन्य कामांत कामगारांच्या श्वासात अपायकारक प्रमाणात धूळ जात असल्यास पंखा किंवा दुसरे यांत्रिक साधन बसविण्याचा आदेश देण्याचा अधिकार निरीक्षकाला दिला. लाकडाचा भुसा या शब्दांत बसू शकत होता; परंतु तो ‘अपायकारक’ आहे असे म्हणणार कोण ?

लाकडाच्या गिरण्यांत पंखे आले ते निराळ्या वाटेने. रंधायंत्राखाली झिलप्यांचे ढीग साचले की काम अडे आणि आगीचे भय वाढे. उलट त्याच झिलप्या बाष्पकाच्या भट्टीत फुकटचे इंधन म्हणून चालत. म्हणून त्या नळांतून ओढून भट्टीपर्यंत नेणे मालकाच्या हिताचे होते. वाहत्या हवेतून झिलप्या व भुसा वेगळा करणारे ‘सायक्लोन’ हे उपकरणही याच काळातले. त्याचे पहिले एकस्व १८८५ साली अमेरिकेत जॉन फिंच यांना मिळाले व ते मिशिगनमधील निकरबॉकर कंपनीकडे गेले. निमुळत्या नरसाळ्यात हवा गरगर फिरविली की जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली घसरतात आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. यात एकही हलणारा भाग नाही, हा त्याचा मोठा गुण. अतिसूक्ष्म कण हवेबरोबरच निसटतात, ही त्याची मर्यादा. ज्याला इंधन हवे होते त्याला ही मर्यादा जाणवण्याचे कारण नव्हते.

ब्रिटनमधील १९२२ च्या लाकूडकाम यंत्रविषयक नियमांचा भरही मुख्यतः पात्याभोवतीच्या आवरणांवर होता. गोल करवतीने बोटे जात, त्यांची गणना होई, आणि ज्याची गणना होते त्यावर नियम होतात.

४. हाय विकमचा पुरावा

इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातील हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. भोवतालच्या बीचच्या जंगलांत ‘बॉजर’ नावाचे कारागीर पायाने चालविण्याच्या चरकावर खुर्चीचे पाय कातीत. हे काम उघड्यावर आणि ओल्या लाकडावर चाले. त्यातून लांब सालपे निघत, धूळ फारशी नसे. कारखान्यात मात्र वाळलेले लाकूड यंत्राने कापले, कातले व घासले जाई. लाकूड तेच, गाव तेच. बदलली ती कामाची रीत, आणि तिच्याबरोबर कामगाराच्या नाकात जाणारी हवा.

ऑक्सफर्डचे नाक-कान-घसातज्ज्ञ रोनाल्ड मॅकबेथ यांनी १९६५ साली नाकालगतच्या पोकळ्यांतील कर्करोगाविषयी लिहिताना हाय विकमकडील फर्निचर-कामगारांकडे लक्ष वेधले. हा रोग एरवी अत्यंत दुर्मीळ असल्यामुळेच एका धंद्यात त्याचे रुग्ण वारंवार आढळणे अर्थपूर्ण होते. हाय विकम येथील शल्यविशारद एस्मी हॅडफील्ड आणि रोगप्रसारशास्त्राचे अभ्यासक डोनाल्ड ॲचेसन यांच्यासह त्यांनी १९६७ व १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी लाकडाची धूळ आणि नाकातील ग्रंथिकर्करोग यांचा संबंध प्रस्थापित केला. १९६९ साली ब्रिटनने या कामगारांचा तो रोग भरपाईस पात्र असा व्यवसायजन्य रोग ठरविला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८१ साली फर्निचर-व्यवसायाचा विचार केला आणि १९९५ साली खुद्द लाकडाच्या धुळीलाच मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले.

या प्रकरणातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, रोग्याला त्याचा धंदा विचारण्याचा उपदेश इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० सालच्या आपल्या ग्रंथात केलेला होता. हाय विकमचा शोध हे त्या साध्या प्रश्नाचे फळ होय. दुसरी ही की, आजार प्रकट होण्यापूर्वी कित्येक दशके लोटत असल्याने १९६० च्या सुमाराचे रुग्ण हे दोन महायुद्धांमधील कारखान्यांचे साक्षीदार होते. भुशाचा दस्तऐवज माणसाच्या शरीरात लिहिला गेला होता. तो वाचला गेला तेव्हा लिहिणारी यंत्रे बहुधा मोडीत निघालेली होती.

५. ओढणे आणि फुंकणे

पुरावा मिळाल्यावर उपाय सोपा असावयास हवा होता. तो तसा का झाला नाही, हे कळण्यासाठी हवेच्या एका स्वभावाकडे वळले पाहिजे. दिवा दूर असला तरी फुंकरीने विझतो; श्वास आत ओढून मात्र कोणालाही तो विझविता येत नाही. नळीतून सोडलेल्या हवेचा वेग नळीच्या व्यासाच्या सुमारे ३० पट अंतरावर मूळच्या एक दशांशावर येतो. ओढलेल्या हवेच्या बाबतीत ही घट अवघ्या एका व्यासाच्या अंतरावर होते, कारण शोषणाऱ्या तोंडाकडे हवा सर्व दिशांनी येते. अमेरिकेत डॅलाव्हॅले यांनी १९३० च्या दशकात हे नाते सूत्रबद्ध केले. ‘उगमाच्या शक्य तितक्या जवळ’ या कायद्यातील शब्दांमागचे शास्त्र ते हेच.

आता मायटर सॉ या आधुनिक करवतीचा विचार करू. चौकटीचे तिरपे सांधे पूर्वी लाकडी खाचेच्या पेटीत हातकरवत घालून कापीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉकवेल कंपनीने हेच काम करणारी विजेची करवत बाजारात आणली. तिचे पाते वरून खाली उतरते आणि हवा तो कोन साधण्यासाठी डावी-उजवीकडे वळते. टेबलाखाली पाते असणाऱ्या स्थिर करवतीत खालचा भाग पेटीने बंद करून भुसा तेथेच ओढता येतो. मायटर सॉमध्ये पाते उघड्यावर, हलते आणि कोन बदलणारे. म्हणजे ज्या उगमस्थानाभोवती आवरण घालावयाचे ते उगमस्थानच एका जागी राहत नाही.

थोडे गणित करून पाहू. १२ इंच व्यासाचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६४ मीटर होतो. कोरडा भुसा नळात खाली न बसता वाहावा म्हणून नळातील हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर ठेवण्याचा प्रघात आहे. नळाच्या तोंडापासून एक व्यास दूर हाच वेग २ मीटरच उरतो. सुसाट सुटलेल्या भुशाला इतक्या मंद हवेने वळविणे अशक्य. म्हणून शोषणाची ताकद वाढविण्यापेक्षा भुसा ज्या वाटेने जातो त्या वाटेवरच नळाचे तोंड मांडणे श्रेयस्कर ठरते.

या करवतीच्या सुधारणांचा क्रम या दृष्टीने पाहिला की त्याची संगती लागते. यंत्राच्या मागील तोंडाला बांधलेली कापडी पिशवी जाड भुसा धरते, परंतु बारीक कण विणीतून बाहेर पडतात. पिशवीच्या जागी शोषकयंत्राची अरुंद नळी जोडली म्हणजे पात्यालगतचा भुसा जोराने ओढला जातो. मात्र जो त्या तोंडात शिरतच नाही त्यावर तिचा इलाज चालत नाही. पात्यामागे लवचीक रबरी पडदा लावल्यास भुशाच्या झोताला तोंडाकडे वळण मिळते. संपूर्ण यंत्रामागे रुंद खोका उभारून त्याला मोठ्या व्यासाचा नळ जोडल्यास उरलेला झोत खोक्यात अडतो आणि मंद पण विपुल हवा त्याला वाहून नेते. अरुंद नळी आणि रुंद खोका ही एकमेकांची पर्यायी साधने नसून पूरक आहेत. ओढलेली हवा खोलीतच परत सोडावयाची असेल, तर सूक्ष्म कण अडविणारी गाळणीही हवी. नाहीतर यंत्र स्वच्छ दिसते आणि हवा मळकट राहते. मुखपट्टी हा या साऱ्यानंतरचा उपाय होय.

६. कायद्याची कक्षा

ब्रिटनच्या १९३७ च्या कारखाना कायद्यातील ४७ व्या कलमाने धूळ उगमाच्या शक्य तितक्या जवळ ओढून घेण्याचे बंधन घातले. त्याच धर्तीवर भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात शोषकसाधन उगमस्थानाच्या शक्य तितक्या निकट असावे आणि ते स्थान शक्य तितके बंदिस्त करावे, असे सांगितले गेले. हाय विकमच्या शोधाच्या जवळजवळ दोन दशके आधी या देशाच्या कायद्याने योग्य तत्त्व स्वीकारले होते, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु याच कायद्यानुसार कारखाना म्हणजे विजेचा वापर असल्यास निदान १० आणि नसल्यास २० कामगारांचे स्थळ. संसदेने २०२० साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत ही संख्या अनुक्रमे २० व ४० करण्यात आली. चार-पाच माणसांची सुतारशाळा या व्याख्येत येत नाही. गिऱ्हाइकाच्याच घरात दारे-खिडक्या लावून, सुटी करवत जमिनीवर ठेवून सागवान, प्लायवूड किंवा एम. डी. एफ. कापणाऱ्या कारागिराची जागा तर कोणत्याही निरीक्षकाच्या वाटेवर नाही. युरोपीय संघाने १९९९ साली कठीण लाकडाच्या धुळीसाठी घनमीटर हवेमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि ती टप्प्याटप्प्याने उतरवीत २०२३ पासून २ मिलिग्रॅमवर आणली. मर्यादा कितीही कडक केली तरी हवा मोजण्यास कोणी जात नसेल तेथे ती कागदावरच राहणार.

७. समारोप

एकोणिसाव्या शतकात पंखा आला तो इंधनासाठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियम झाले ते बोटांसाठी. श्वासाची पाळी सर्वांत शेवटी आली. ती आली तोवर करवत कारखान्याच्या भिंतींबाहेर पडली होती. ज्या वर्षांत वैद्यांनी धुळीचा अपाय सिद्ध केला, त्याच वर्षांत बाजारात आलेल्या सुट्या करवतीने धुळीचे उगमस्थान कायद्याच्या नजरेआड नेले, हा योगायोग असला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत.

आपल्याकडील सुतारांच्या बाबतीत हा इतिहास लिहावयाचा तर कारखाना निरीक्षकांचे अहवाल, रुग्णालयांच्या नोंदवह्या आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी ही साधने एकत्र वाचावी लागतील. त्यांत नोंदवहीतील व्यवसायाचा रकाना सर्वांत मोलाचा. तो ‘मजूर’ एवढ्या एका शब्दाने भरलेला असेल, तर सुताराचा भुसा, पाथरवटाची धूळ आणि पिंजाऱ्याचा कापूस हे सारे त्या शब्दाखाली झाकले जातात. हाय विकमचा शोध लागला तो तेथे रोग्याचा धंदा नेमका विचारला गेला आणि नेमका लिहिला गेला म्हणून.