मनमाडहून गोवा एक्सप्रेस पकडा, शेवटच्या स्टेशनला अंटार्क्टिकाचा बर्फ आहे!

दिल्ली ते वास्को धावणारी गोवा एक्सप्रेस मनमाड जंक्शनला थांबते, हे मनमाडच्या पोरासोरांनाही माहितीये. पण ही गाडी जिथे संपते त्या वास्कोत चक्क अंटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलाय, हे किती जणांना ठाऊक असेल?

वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर गोव्याचा घामटा काढणारा उकाडा आणि आत उणे 20 अंशांची खोली. या खोलीत असतात 'आईस कोर', म्हणजे पोकळ ड्रिलने बर्फातून उभे काढलेले लांबलचक दंडगोल.

अंटार्क्टिकात दरवर्षीचा बर्फ आधीच्या थरावर साचत जातो. सोबत धूळ, समुद्राचं मीठ, ज्वालामुखीतून आलेलं आम्लही बसतं. खोलवर हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणजे त्या काळची खरीखुरी हवाच. आपलं हवामान खातं सुरू झालं 1875 साली. त्याच्या कितीतरी आधीचं हवामान समजून घ्यायचं, तर अशा नैसर्गिक नोंदींकडेच जावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये युरोपच्या टीमने 2800 मीटर खोल जाऊन 12 लाख वर्षांपर्यंतचा बर्फ काढला.

आता मुद्दा ट्रेनिंगचा. नव्या संशोधकाला आधी मशीन नाही, स्वच्छता शिकावी लागते. कारण बर्फातलं सोडियम किंवा सल्फेट मोजायचं असतं अब्जात काही भाग इतकं कमी. उघड्या बोटाचा घाम लागला तरी आकडा गेला! म्हणून पूर्ण अंग झाकणारा सूट आणि हातमोजे घालायचे. कोरचा बाहेरचा भाग ड्रिलिंगमध्ये खराब झालेला असतो, तो कापून, तासून टाकायचा आणि फक्त आतला वापरायचा. स्वतःचा हात स्वच्छ आहे का, हे तपासायला अतिशुद्ध पाण्याचा बर्फ तशाच पद्धतीने कापतात. त्यात मीठ सापडलं तर चूक कापणाऱ्याची.

त्यानंतर मशीन. आयन क्रोमॅटोग्राफवर क्षार मोजतात. मास स्पेक्ट्रोमीटरवर जड आणि हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण बघतात. जड ऑक्सिजन कमी निघाला, की तो काळ जास्त थंड होता. सल्फेट एकदम वाढलेलं दिसलं, तर मोठ्या ज्वालामुखीचा संशय घ्यायचा. त्या उद्रेकाची तारीख माहीत असेल, तर थरांचं वय जुळवायला हक्काची खूण मिळते.

एवढा जीव का टाकायचा? कारण वितळलेला थर परत गोठवला तरी त्यातला क्रम आणि हवा गेलेली असते. एप्रिल 2017 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा फ्रीझर बिघडला आणि तिथल्या संग्रहातला सुमारे 13 टक्के बर्फ वितळला. त्यात हजारो वर्षांच्या नोंदी वाहून गेल्या.

वास्कोतलं केंद्र फक्त दक्षिण ध्रुवापुरतं नाही. 2016 पासून हिमाचलच्या स्पितीत 'हिमांश' हे त्यांचं संशोधन ठाणं आहे. तिथे हिमालयातल्या हिमनद्यांचा अभ्यास चालतो. इच्छुकांनी केंद्राच्या वेबसाईटवर इंटर्नशिप आणि संशोधक भरतीच्या जाहिराती बघत राहाव्यात. भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेल्यांना तर हे क्षेत्र जवळचंच आहे.