कॉलिन मिलबर्न : नऊ कसोटींची कारकीर्द

नऊ कसोटी सामने, ६५४ धावा आणि दोन शतके, एवढीच कॉलिन मिलबर्न यांची कसोटीतील नोंद. मात्र ४६.७१ च्या सरासरीने धावा करणाऱ्या या सलामीच्या फलंदाजाची कारकीर्द धावा आटल्यामुळे संपली नाही. ती एका अपघाताने संपवली.

मिलबर्न यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४१ रोजी डरहॅम परगण्यातील बर्नोपफिल्ड येथे झाला. १९५९ मध्ये दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाविरुद्ध त्यांनी डरहॅमकडून शतक झळकावले, तेव्हा ते शाळकरी होते. डरहॅमला त्या काळी प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता. पुढल्याच वर्षी ते नॉर्दम्प्टनशायरकडून कौंटी क्रिकेटमध्ये उतरले.

शंभर किलोंच्या पुढे वजन असलेल्या मिलबर्न यांचे हूक आणि ड्राइव्ह प्रेक्षकांना मोहवीत. १९६६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध मँचेस्टर येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. पहिल्या डावात ते शून्यावर धावबाद झाले. दुसऱ्या डावात त्यांनी ९४ धावा केल्या. लॉर्ड्सवरील पुढल्या कसोटीत नाबाद १२६ धावांची खेळी करून त्यांनी इंग्लंडचा पराभव टाळला. तरीही मैदानावरील चपळाईचा अभाव हे कारण पुढे करून मालिकेतील अखेरच्या कसोटीतून त्यांना वगळण्यात आले. संघातील स्थान त्यांना कधीच निर्धास्तपणे लाभले नाही.

नोव्हेंबर १९६८ मध्ये ब्रिस्बेन येथे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून क्वीन्सलंडविरुद्ध त्यांनी २४३ धावा केल्या. त्यांपैकी १८१ धावा उपाहार ते चहापान या एकाच सत्रातील होत्या. मार्च १९६९ मध्ये कराचीत त्यांनी पाकिस्तानविरुद्ध १३९ धावा फटकावल्या. दंगलीमुळे तो सामना अर्धवट राहिला आणि तीच त्यांची अखेरची कसोटी ठरली.

२३ मे १९६९ रोजी नॉर्दम्प्टनजवळ झालेल्या मोटार अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. उजव्यालाही इजा झाली. मन्सूर अली खान पतौडी यांची दृष्टी १९६१ मध्ये अशाच अपघातात अधू झाली होती, तरी ते पुढे भारताचे कर्णधार झाले. दोघेही उजव्या हाताने फलंदाजी करणारे. परंतु पतौडी यांचा उजवा डोळा निकामी झाला होता. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा डोळा गोलंदाजाच्या बाजूस असतो. मिलबर्न यांनी नेमका तोच गमावला.

१९७३ मध्ये त्यांनी पुनरागमन केले; पण चेंडूचा पूर्वीसारखा अंदाज येईना. १९७४ नंतर ते कौंटी क्रिकेट खेळले नाहीत. प्रथम श्रेणीतील त्यांची शतके २३. २८ फेब्रुवारी १९९० रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डरहॅमला प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १९९२ मध्ये.