बेणे, वाण आणि नाव : विक्रेत्याच्या अधिकाराची मर्यादा

विकलेल्या वस्तूत ग्राहकाने बदल करणे अथवा ती पुन्हा विकणे, हे मूळ उत्पादकास रोखता यावे काय, हा प्रश्न हल्ली यंत्रांच्या संदर्भात चर्चिला जातो. बियाण्याच्या व्यवहारात त्याचे स्वरूप अधिक मूलगामी आहे. बेलापूर परिसरातील ऊसशेती हे त्याचे बोलके उदाहरण होय.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला. हरेगावी बेलापूर कंपनीचा कारखाना होता. पुढे १९५० मध्ये लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला. उसाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे पीक हेच त्याचे बी. तोच कांडा गव्हाणीत पडला तर ऊस, शेजाऱ्याच्या सरीत पडला तर बेणे. वस्तू एकच, घेणाऱ्याच्या हेतूनुसार तिची संज्ञा बदलते. तेव्हा पीक विकण्यास मुभा व बेणे विकण्यास बंदी, असा भेद वस्तूत नसून केवळ करारात संभवतो.

हा भेद अमेरिकेने मान्य केला. विकत घेतलेल्या सोयाबीनपासून पेटंटप्राप्त बियाण्याची नवी पिढी काढणे हे उल्लंघन होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. भारताच्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने निराळी वाट धरली. त्याच्या ३९ व्या कलमान्वये शेतकऱ्यास संरक्षित वाणाचे बियाणे राखता, पेरता, वाटता व विकताही येते. मात्र संरक्षित वाण असल्याचे दर्शविणारी चिठ्ठी लावून, वेष्टनात विकता येत नाही. शिवाय त्याने स्वतः नवे वाण सिद्ध केल्यास त्याची नोंदणी करण्याचा त्यास हक्क आहे. सारांश, वस्तू शेतकऱ्याची, नाव पैदासकाराचे.

संशोधनाचा खर्च भरून कसा निघावा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नावाचे व व्यापारी उत्पादनाचे संरक्षण आवश्यक ठरते. परंतु कायद्यातील हक्क आपोआप टिकत नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने एका बटाटा-वाणावरून गुजरातेतील शेतकऱ्यांवर कोट्यवधींचे दावे लावले. जनक्षोभानंतर ते त्याच वर्षी मागे घेतले. अल्पभूधारकास निकालाआधी खटल्याची भीतीच पुरेशी असते.

प्रवरेच्या उगमाकडील अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जतन केले. त्यांस २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राखणे, निवडणे, वाटणे याच क्रमाने वाण घडत आले आहेत. विक्रेत्याने आपल्या नावाचे रक्षण अवश्य करावे. हा क्रम थांबविण्याचा अधिकार त्यास असू नये.