कागदावरचे गाणे, कंठातले गाणे

शासकीय सेवेतील माझी उमेदीची वर्षे नोंदवह्यांच्या सहवासात गेली. एखादी गोष्ट एकदा कागदावर आली की ती सुरक्षित झाली, अशी तेव्हापासूनची माझी समजूत. इंग्लंडमधील लोकगीत-संकलनाचा इतिहास वाचताना तिला प्रथम तडा गेला.

२२ ऑगस्ट १९०३ रोजी संगीतशिक्षक सेसिल शार्प हे सॉमरसेट परगण्यातील हॅम्ब्रिज या खेड्यात, आपले स्नेही धर्मोपदेशक चार्ल्स मार्सन यांच्याकडे होते. तेथे जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करता करता 'द सीड्स ऑफ लव्ह' हे गीत गात होता. शार्प यांनी ते तत्काळ स्वरलिपीत उतरवले, त्याला पियानोची साथ बांधली आणि त्याच सायंकाळी चर्चच्या गायकवृंदाच्या भोजनप्रसंगी ते सादरही झाले. बागेतले गाणे काही तासांतच मैफलीचे झाले!

१९०७ साली शार्प यांनी आपल्या ग्रंथात लोकगीताच्या घडणीची तीन तत्त्वे मांडली : सातत्य, बदल आणि निवड. गाणे तोंडातोंडी बदलत जाते, आणि समाजाला रुचते तेवढेच टिकते. परंतु छापील प्रत हाती आली, की हा बदलच थांबतो. शाळांतून आणि गायकवृंदांतून तालमी सुरू झाल्या, त्या याच छापील प्रतींवरून.

पर्सी ग्रेंजर यांना ही अडचण नेमकी उमगली. १९०६ साली त्यांनी लिंकनशायरमध्ये फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर गाणी मुद्रित केली. सत्तरी ओलांडलेले जोसेफ टेलर एकच चाल प्रत्येक कडव्यात निराळ्या लयीने, निराळ्या हरकतींनी गात. मग यांतले 'खरे' कोणते? गंमत अशी, की टेलर यांच्याच 'ब्रिग फेअर'ची वृंदरचना ग्रेंजर यांनी केली; आणि वृंद म्हटला, की सर्वांनी एकसारखेच गायला हवे!

याला एक सुंदर अपवाद आहे. ससेक्समधील रॉटिंगडीन गावच्या जेम्स व थॉमस कॉपर या भावांची गाणी केट ली यांनी १८९८ साली टिपून घेतली. लंडनमधील 'फोक-साँग सोसायटी'ची स्थापनाही त्याच वर्षीची. पुढे १९३६ साली जेम्स यांचे पुत्र जिम यांनी घरची गीते वहीत लिहून काढली. पण उतरवले ते शब्द. चाली आणि दोन आवाजांची जुळणी पुढच्या पिढीने वडीलधाऱ्यांशेजारी बसून, ऐकूनच उचलली. जिम यांचे पुत्र बॉब २००४ साली निवर्तले. घराण्याचे गाणे मात्र थांबले नाही.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांचेही असेच नाही का? हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. हे ऋण मोठेच. नोंद नसती, तर काहीच उरले नसते. पण नोंद हा गाण्याचा पत्ता आहे, घर नव्हे. त्या पत्त्यावर जाऊन, चार माणसांनी एकत्र बसून, प्रसंगी कागद बाजूला ठेवून गायला हवे. नोंदवही मिटल्यावरच खरे काम सुरू होते, हे मला निवृत्तीनंतर कळले. असो.